घावण्यांची रील, खोटं बुकिंग आणि एका घराचा पत्ता

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतलं हे प्रकरण आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत. तालुक्यातल्या होमस्टेवाल्यांची कागदपत्रं, बुकिंगचे हिशेब अशी कामं मी करतो, म्हणून हे प्रकरण माझ्यासमोर आलं.

घरात पाच माणसं. आजी, तिचा मुलगा, सून, तेरा वर्षांची नात आणि धाकटा नातू. मुलगा कलमं आणि काजू बघतो, होमस्टे चालवते ती सून. वाडीत सगळे तिला वहिनी म्हणतात, इथंही तसंच म्हणतो. धाकटा दीर मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात येणारा. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या, पण खळं, म्हणजे पुढचं अंगण, एकच आणि पडवीही एकच. म्हणजे पाहुणा सकाळी चहाला बसतो तिथंच आजी नारळ सोलत असते.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण अशा घरांकडे पाहुणा यायचा तो ओळखीवर. इंटरनेटवर हे घर चढवलं दिरानं, एका गणपतीच्या सुट्टीत. गूगल मॅपवर नोंद केली ती स्वतःच्या खात्यावरून. फेसबुक पान काढलं, इन्स्टाग्राम सुरू केलं. पर्यटन विभागाचं नोंदणी प्रमाणपत्र आलं तेव्हा त्याचा हार घातलेला फोटो टाकला. त्यात वहिनींचं पूर्ण नाव, घर क्रमांक, मोबाइल नंबर, नोंदणी क्रमांक, सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

आणि नंबर एकच. बँकेला तोच, आधारला तोच, शाळेच्या ग्रुपवर तोच, यूपीआयला तोच, बुकिंगलाही तोच. पुढं जे झालं त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून झालं असं माझं मत आहे.

काय घडलं

दिवाळीनंतर, नोव्हेंबर 2024 मध्ये, पुण्याचा एक तरुण राहायला आला. प्रवासाचे व्हिडिओ करणारा, बऱ्यापैकी नाव असलेला. त्यानं वहिनींना विचारलं, "व्हिडिओ काढू का?" त्या हो म्हणाल्या. आजी चुलीवर घावणे काढत होती. तेवढ्यात नात शाळेतून आली, गणवेशातच चुलीपाशी बसली आणि आजीच्या हातून पहिला घावणा घेऊन पळाली. दृश्य गोड होतं यात शंका नाही. गणवेशाच्या खिशावर शाळेचं बोधचिन्ह होतं, दप्तरावर नाव.

परवानगी मागितली होती ती व्हिडिओ काढायची. तो कुठं जाणार, किती दिवस राहणार, खाली काय लिहिणार, हे ना त्यानं सांगितलं ना वहिनींनी विचारलं. आजीला तर कोणी विचारलंच नाही. त्या तरुणाचा हेतू चांगला होता. घराला गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्यानं रीलखाली वहिनींचा नंबर आणि नकाशावरचं लोकेशनही टाकलं.

रील लाखोंनी बघितली. नाताळपर्यंतचं बुकिंग आठवड्याभरात भरलं आणि घरात आनंद झाला. मग रात्री साडेअकराला फोन यायला लागले. काही व्हिडिओ कॉल असायचे, उचलला की पलीकडून नुसतं हसणं. बुकिंग नसलेले लोक गाडी थांबवून थेट खळ्यात यायचे आणि आजीला म्हणायचे, "आजी, जरा घावणा उलटून दाखवा ना." एक-दोनदा आजीनं दाखवलाही. नंतर ती पडवीत बसायचीच बंद झाली. "घावणे खावक येतत की माका बघूक?" एवढंच ती म्हणाली.

नातीला काय होत होतं ते घरात उशिरा कळलं. होमस्टेच्या पानाचे फॉलोअर चाळून कोणीतरी तिचं खातं शोधलं होतं. तिला अनोळखी पुरुषांचे संदेश येत होते. पहिले कौतुकाचे, पुढचे तसे नव्हेत. तिनं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मोबाइल काढून घेतील ही भीती. ही भीती खोटी नव्हती, असं तिच्या वडिलांची पहिली प्रतिक्रिया बघून मला वाटलं.

नाताळच्या आठवड्यात खरं संकट दारात आलं. संध्याकाळी एक पुण्याचं आणि एक कोल्हापूरचं कुटुंब सामानासकट उतरलं. दोघांकडे बुकिंग होतं, अॅडव्हान्स भरल्याचे स्क्रीनशॉट होते. वहिनींकडे मात्र दोन्हींची नोंद नव्हती आणि दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. कोणीतरी याच घराचे फोटो, आजीची रील आणि तो प्रमाणपत्राचा फोटो वापरून इन्स्टाग्रामवर दुसरं पान काढलं होतं. नावात फक्त शेवटी "बीच स्टे" जोडलेलं. मॅपवरही तशीच दुसरी नोंद, नंबर वेगळा. पाहुण्यांनी खात्री करायची म्हणून कागद मागितला तेव्हा त्यांना ते हार घातलेलं प्रमाणपत्रच पाठवलं गेलं होतं. खरं प्रमाणपत्र बघून कोण शंका घेणार?

पहिला निर्णय: दारातली माणसं

कोल्हापूरचे गृहस्थ चिडले होते. त्यांच्या लेखी फसवणारं घर हेच. वहिनींच्या नवऱ्याचं म्हणणं, आपला संबंध नाही, त्यांना जायला सांगू. वहिनींनी चहा ठेवला आणि मला फोन लावला.

त्या वेळी एकच गोष्ट घाईची होती आणि ती या घराची नव्हतीच, पाहुण्यांच्या पैशाची होती. स्क्रीनशॉट मागवले. पैसे गेले त्या खात्यावर दिसणारं नाव वहिनींचं नव्हतं, कुठल्या तरी परक्या माणसाचं होतं. यूपीआयवर पैसे सोडण्याआधी हे नाव पडद्यावर येतं, पण घाईत ते कोण वाचतो. दोन्ही कुटुंबांना लगेच 1930 वर फोन करायला सांगितलं. ही सायबर आर्थिक फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते अडवता येतात, म्हणून तासांना किंमत असते. पुण्याच्या कुटुंबानं त्याच दिवशी सकाळी पैसे भरले होते, कोल्हापूरच्यांनी पाच दिवस आधी.

शेजारच्या वाडीत दोन खोल्या मिळाल्या, तिथं दोघांची सोय लावली. कोल्हापूरकरांनी जाता जाता मॅपवर एक तारा देऊन "फसवणूक करतात" असं लिहिलं. तेही खऱ्या घराच्या नोंदीवर.

कोणी काय सुचवलं

दुसऱ्या दिवशी घरात चर्चा झाली तिला बैठक म्हणण्यात अर्थ नाही, सगळे एकाच वेळी बोलत होते. नवऱ्याचं मत सगळं बंद करा: पान, मॅप, इन्स्टाग्राम, मुलीचा मोबाइल. फोनवरून दिराचं मत उलटं: एवढी प्रसिद्धी पैसे देऊन मिळत नाही, चार दिवसांत निवळेल. वहिनींना नंबर बदलायचा होता. आजीला कोणी विचारत नव्हतं.

सगळं बंद करणं ऐकायला ठाम वाटतं, पण त्यातून नेमकं उलटं झालं असतं. खरी नोंद गेली की शोधणाऱ्याला फक्त खोटी सापडते. शिवाय पानं बंद केल्यानं दुसऱ्यांनी टाकलेलं काहीच जात नाही. नंबर बदलण्यातही गोची होती. तो आधार, बँक, गॅस, शाळा सगळीकडे जोडलेला. सोडून दिलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते, आणि एखाद्या खात्याला तो जोडलेला राहून गेला तर त्याचे ओटीपी त्या नव्या माणसाकडे जातात. म्हणून उलट ठरलं. जुना नंबर घरचा ठेवायचा आणि धंद्याला नवीन सिम घ्यायचं, जुन्यावर बुकिंगचे फोन घ्यायचेच नाहीत. हा निर्णय मला आजही या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वाटतो, आणि खर्च फक्त एका सिमचा.

कायद्याचं कुडाळच्या एका वकिलांना विचारलं. त्यांनी फार आशा लावली नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं, पण रील करणाऱ्या पोराविरुद्ध तो निकाल हातात घेऊन धावता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा, तेव्हा त्याचे नियमही आले नव्हते. ते नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि बहुतेक तरतुदींना 18 महिन्यांची मुदत आहे. त्यातही माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर राहते. हार घातलेलं प्रमाणपत्र तर घरच्यांनीच स्वतःच्या पानावर लावलं होतं. लागू पडत होतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 ड: संगणकाच्या साधनानं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. आरोपी सापडला तर.

घराच्या पाऊलखुणा शोधताना

काही करण्याआधी एक संध्याकाळ आम्ही परक्या माणसासारखं हे घर शोधलं. कुठल्याच खात्यात लॉगिन न करता, फक्त होमस्टेचं नाव आणि वहिनींचा नंबर टाकून. कुटुंबाच्या अपेक्षेपेक्षा जे निघालं ते बरंच निराळं होतं.

घरच्यांनी स्वतः टाकलेलं थोडंच होतं. बाकी सगळं दुसऱ्यांनी. पाहुण्यांनी मॅपवर चढवलेल्या फोटोंत माजघर, देवघर, वाळत घातलेले कपडे, आणि मागच्या दाराची कडीसुद्धा. दिराच्या फेसबुकवर प्रत्येक गणपतीचे फोटो, घरातल्या प्रत्येकाला नावानिशी टॅग केलेलं, आणि विसर्जनानंतरची ओळ: "आमच्या वाट्याचं घर आता मे महिन्यापर्यंत बंद." शाळेच्या पानावर नातीचा वक्तृत्वाच्या बक्षिसाचा फोटो, खाली पूर्ण नाव आणि इयत्ता. ट्रूकॉलरवर वहिनींचा नंबर होमस्टेच्या नावानं. यात सरकारी नोंदी मिळवल्या की चित्र पुरं होतं. महाभूलेखवर सातबारा कोणालाही बघता येतो, मतदार यादीत घर क्रमांक, वय आणि नातं छापलेलं असतं.

नवऱ्याला सातबाऱ्याचा सगळ्यात जास्त धक्का बसला. मला त्यात गैर वाटत नाही. कोकणात एका गुंठ्यावर भावकीतली पंधरा नावं असतात, आणि मुंबईत बसलेल्या वारसाला आपल्या नावाचं काय झालं ते बघता येणं हेच त्याचं संरक्षण आहे. ती नोंद उघडीच राहायला हवी. पण तिच्या शेजारी मुलीची शाळा, आजीची बसायची जागा आणि बंद घराची तारीखही मिळायला हवी असं नाही. एकेक तुकडा निरुपद्रवी असतो. भुरट्याचं काम सोपं होतं ते सगळे तुकडे एकाच नावावर सापडतात तेव्हा.

काय केलं

सुरुवात नातीपासून केली. खातं खासगी केलं, अनोळखींचे संदेश बंद केले, होमस्टेच्या पानाशी असलेला दुवा तोडला. घाणेरडे संदेश पुसायच्या आधी त्यांचे स्क्रीनशॉट घेतले, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असे. मोबाइल मात्र तिच्याकडेच ठेवला. यावर घरात दोन दिवस अबोला होता. वहिनी ठाम राहिल्या: शिक्षा तिला दिली तर पुढच्या वेळी ती आणखी उशिरा सांगेल.

खोट्या पानाची तक्रार करताना एक विचित्र अडचण आली. सोंग घेतल्याची तक्रार करणाऱ्याला आपण खरे आहोत हे दाखवायला ओळखपत्राची प्रत चढवावी लागते. म्हणजे माहिती पसरली म्हणून आणखी माहिती द्यायची. आधारऐवजी मतदार ओळखपत्र दिलं. मॅपवरची खरी नोंद दिराच्या खात्यातून वहिनींच्या नव्या खात्यावर आणली, कारण तोवर दुरुस्ती करायची तरी मुंबईला फोन लावावा लागे. प्रमाणपत्राचा फोटो काढला आणि त्याजागी नोंदणी क्रमांक वगळता बाकी सगळं झाकलेली प्रत लावली.

पोलिसांकडे पहिला प्रश्न आला, "तुमचे पैसे गेले नाहीत ना?" गेले नव्हते, पाहुण्यांचे गेले होते. म्हणून अर्जात पैशाबद्दल न लिहिता नाव, फोटो आणि प्रमाणपत्र वापरून सोंग घेतल्याबद्दल लिहिलं, आणि पाहुण्यांच्या तक्रारींचे क्रमांक जोडले. तोच मजकूर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही टाकला. पोचपावती मिळाली. तिचा उपयोग पुढं झाला: कोल्हापूरकरांना ती पाठवल्यावर त्यांनी एक तारा मागे घेतला नाही, पण "फसवणूक करतात" हे वाक्य बदललं.

रील करणारा तरुण समजूतदार निघाला. नंबर आणि लोकेशन त्यानं लगेच काढलं. मुलीचा भाग काढायचा तर पूर्ण रील पुसून नव्यानं टाकावी लागणार होती, आणि त्याबरोबर सगळे व्ह्यूज जाणार होते. त्यानं वेळ मागितला. त्यावेळी पहिल्यांदा आजीला विचारलं गेलं. "माझा ऱ्हवांदे," ती म्हणाली, "चेडवाचा तेवढा काढा." हे तिचं वाक्य त्याला जसंच्या तसं पाठवलं. पंधरवड्यानं त्यानं रील पुसली आणि मुलीशिवायची नवी टाकली. तोवर दुसऱ्या पानांनी जुनीवर गाणं लावून आपापल्या नावावर चढवली होती. ती शोधत बसायचं नाही, फक्त ज्यांत शाळेचं बोधचिन्ह दिसतं त्यांचीच तक्रार करायची असं ठरलं.

याच गडबडीत वहिनींच्या मोबाइलची गॅलरी उघडली आणि तिथं पाहुण्यांच्या आधार कार्डांचे शेकडो फोटो निघाले. व्हॉट्सअॅपवर आलेले, आपोआप साठलेले, क्लाउडवर चढलेले. त्याच मोबाइलवर नातू गेम खेळतो. आपली माहिती कोणी सांभाळली नाही म्हणून चिडलेलं घर दुसऱ्यांची माहिती अशी ठेवून होतं, हे वहिनींना मी सांगायची गरज पडली नाही. आता पाहुणा आला की ओळखपत्र बघून वहीत नोंद करतात. प्रत लागलीच तर शेवटचे चारच अंक दिसणारं आधार मागतात. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत सरकारला कळवावी लागते, ती कळवतात. बाकी फोटो मागचे-पुढचे सगळे पुसले.

निष्पत्ती

खोटं पान उतरलं. मे 2025 मध्ये थोड्या वेगळ्या नावानं पुन्हा उगवलं, तेव्हा ते एका दिवसात लक्षात आलं, कारण वहिनी आता आठवड्यातून एकदा स्वतःचं घर शोधून बघतात. पुण्याच्या कुटुंबाचे पैसे समोरच्या खात्यात अडले आणि काही महिन्यांनी परत मिळाले, कोल्हापूरचे गेले ते गेले. ज्या खात्यात पैसे गेले ते परराज्यातल्या कोणाच्या तरी नावावर होतं. त्यापुढं तपास गेल्याचं कुटुंबाला कळलेलं नाही.

बुकिंग कमी झालं, हे झाकण्यात अर्थ नाही. नंबर सहज मिळेनासा झाल्यावर चौकशा घटल्या. घरचा फोन रात्रीचा वाजत नाही. खळ्याच्या तोंडाशी आता पाटी आहे: "फोटो विचारून काढा. मुलांचे काढू नका." आजी सकाळी पडवीत बसते, पण गाडीचा आवाज आला की उठते.

वेगळं काय करता आलं असतं

संध्याकाळी पाहुणे उतरले तेव्हा खोट्या पानाचे स्क्रीनशॉट आधी घ्यायला हवे होते. चिडलेल्या कोल्हापूरकरांनी त्या पानावर लगेच जाब विचारला, समोरच्यानं त्यांना ब्लॉक केलं आणि पुरावा निम्मा उरला. सोंग घेणाऱ्याला आपण जागे झालो हे कळायच्या आत पानाचा पत्ता, नंबर आणि संभाषण साठवून ठेवणं हे कोणत्याही तक्रारीआधीचं काम.

खऱ्या पानावर "आमच्या नावानं बनावट बुकिंग चालू आहे" अशी जाहीर सूचना टाकावी का, यावर आमचं एकमत कधीच झालं नाही. नाताळाच्या तोंडावर पाहुणे बिचकतील म्हणून वहिनींनी ती जानेवारीपर्यंत थांबवली. माझ्या मते ती त्याच रात्री जायला हवी होती, मधल्या दिवसांत आणखी एक कुटुंब फसलं. वहिनींचं म्हणणं, वर्षाचा निम्मा गल्ला त्या दहा दिवसांवर असतो हे बाहेरच्यानं बोलणं सोपं आहे. त्यातही तथ्य आहे.

परवानगीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याला "काढ" म्हणताना वहिनी घराच्या वतीनं बोलल्या, पण त्या चौकटीत दोन माणसं होती जी त्यांच्या परवानगीत बसत नव्हती. एकाला विचारून सगळ्यांचं उत्तर मिळत नाही. आता तिथं पाहुण्याला नियम सांगतात तो असा: ज्याचा चेहरा येणार त्याला विचारा, टाकण्याआधी एकदा दाखवा, आणि नंबर-लोकेशन आम्ही सांगू तेच लिहा. दोघातिघांनी नाक मुरडलं, बाकीच्यांनी ऐकलं.

नात आता चौदाची आहे. आजीकडून शिकलेल्या पदार्थांचं स्वतःचं पान काढायची परवानगी ती मागते आहे. बाप नको म्हणतो. वहिनींनी अट घातली आहे: चेहरा नाही, गाव नाही, फक्त हात आणि तवा. ती म्हणते मग कोण बघणार. बोलणी चालू आहेत.